कुठं आणि काऊन

तिकीट द्यायला कंडक्टरला एकच प्रश्न पुरतो, कुठं? आमचे कंडक्टरकाका दोन विचारत. "कुठं चालले?" हा एक, आणि गळ्यातल्या यंत्राची बटणं दाबता दाबता, मान वर न करता, "काऊन चालले?" हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नापायी त्यांनी उभ्या नोकरीत काय काय ऐकून घेतलं असेल! हिंगणघाट-अल्लीपूर-वर्धा ही त्यांची गाडी. आमच्याकडच्या माणसाला कुठं चाललो ते सांगायला आवडतं, कशाला चाललो ते सांगायला मुळीच आवडत नाही. कुणी मुलगी पाहायला निघालेला असतो, कुणी मूळव्याध दाखवायला. ते भर गाडीत कसं सांगणार? लोक खेकसत, "तुमाले काय करा लागते?" काका शांतपणे तिकीट हातात देत आणि म्हणत, "नाई सांगितलं तरी चालते. सांगितलं तं बरं राह्यते."

कुणाला बरं राहतं, हे मात्र ते सांगत नसत.

मी तेव्हा अल्लीपूरच्या शाळेत नवीन लागले होते. वर्ध्याहून रोज जाणं-येणं. वय चोवीस, जीभ तिखट, आणि आपल्याइतकं शहाणं जगात कुणी नाही अशी पक्की समजूत. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, तिकिटावर कारण छापून येतं का?" ते म्हणाले, "नाई मॅडम. तिकिटावर जागा कुठं आहे?" आणि पुढच्या सीटकडे वळले.

मग मी त्यांची फिरकी घ्यायला लागले. एक दिवस म्हणे मुख्यमंत्र्यांनी बोलावलंय, दुसऱ्या दिवशी म्हणे घरातून पळून चाललेय. काका प्रत्येक कारण मान हलवून ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी विचारत, "मंग, भेटले का मुख्यमंत्री?" चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही. एकदा हेडमास्तरांशी माझी चांगलीच जुंपली होती. सकाळी काकांनी विचारलं तेव्हा मी फाडकन म्हणाले, "जिवाला कंटाळलेय, म्हणून चाललेय." संध्याकाळी परतीची गाडी आली तर त्यांनी स्वतःची कंडक्टरची सीट माझ्यासाठी धरून ठेवलेली. बडीशेपेची डबी पुढं केली आणि म्हणाले, "आज जरा बरं वाटून राह्यलं का?" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्या दिवसापासून मी खोटं कारण सांगायचं सोडलं. खरंच सांगायचं झालं तर माझं कारण रोज एकच असायचं, शाळा. तरी ते रोज विचारत आणि मी रोज सांगत असे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे मोजणी. सगळ्यांची तिकिटं झाली की ते गाडीचं दार धाडकन लावत, खिट्टी घालत, दाराला पाठ टेकून उभे राहत, एक हात घंटीच्या दोरीवर. मग पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत एकेका माणसावरून त्यांची नजर फिरायची आणि ओठ हलायचे. आवाज नाही. हे चांगलं दोन-तीन मिनिटं चालायचं. ते संपलं की डबल बेल. त्याआधी गाडी जागची हलत नसे. ड्रायव्हरभाऊ गिअरवर हात ठेवून ओरडायचे, "झाली का तुमची जनगणना?" डेपोतले लोक त्यांना गिनतीवाले म्हणत. यंत्रावर आकडा दिसतो, तरी हा माणूस डोकी मोजतो आणि तीही इतकी हळू, याची सगळ्यांना गंमत वाटे. मीही त्या हसणाऱ्यांतलीच.

आज डोळ्यांपुढं ते उभे राहतात ते असेच, दाराला टेकलेले. खाकी कपड्यांना कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, आणि नोव्हेंबर लागला रे लागला की बायकोनं विणलेला एक जांभळा स्वेटर. तो रंग त्या अंगावर इतका विसंगत दिसायचा की नवीन प्रवासी दोनदा वळून पाहत. खिडकीतून कुणी थुंकलं की त्यांचा पारा चढायचा. बाकी राग म्हणून माहीत नाही. आणि आठवण कसली! महिन्यापूर्वी कोर्टात गेलेला माणूस पुन्हा गाडीत चढला की, "काय म्हटलं हो कोर्टानं?" गाय हरवलेल्याला, "भेटली का जी गाय?" त्या गायीचा मालक तर भेटली हे सांगायला एकदा मुद्दाम स्टँडवर येऊन थांबला होता. गाडीत चढलासुद्धा नाही.

डिसेंबरच्या अखेरीस काकांनी एक मोठा डबा आणला आणि आम्हा रोजच्या चार-सहा जणांपुढं धरला. करंज्या, चकल्या, अनारसे. मी म्हटलं, "काका, दिवाळी होऊन किती दिवस झाले."

"आमची जरा उशिरा येते," ते म्हणाले.

मला कळायला एक करंजी खावी लागली. वर्षभर रोज दोनदा या माणसाच्या गाडीत बसत होते आणि हे ख्रिस्ती आहेत हे मला माहीत नव्हतं. नावावरून कळायची सोय नव्हती, कारण नाव आमच्यासारखंच. मी म्हटलं, "सांगितलं नाहीत कधी?" त्यावर त्यांनी डबा पुन्हा पुढं केला आणि अनारसा बायकोच्या हातचा आहे, तो आधी खा म्हणाले.

त्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, ओळख झाली आणि मला देवाच्या विनोदबुद्धीची खात्री पटली. नवरा जितका मुका, तितकी ही बोलकी. काकू दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. पर्समध्ये कायम छापील पत्रिकांचा गठ्ठा. भाजीवाली, रिक्षावाला, दारावर सिलिंडर घेऊन आलेला माणूस, समोर जो येईल त्याला प्रभूविषयी सांगितल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आवाज खणखणीत, आणि कुणी चिडलं तरी स्वतः चिडायच्या नाहीत. बाजारात लोक त्यांना पाहून गल्ली बदलत. पण घरात कुणी आजारी पडलं की तेच लोक अर्ध्या रात्रीसुद्धा त्यांचंच दार वाजवत, हेही खरं. नाताळात मंडळी गाणी म्हणत घरोघर निघाली की काकू सगळ्यात पुढं आणि काका सगळ्यात मागं, बायकांच्या चपला-पिशव्या सांभाळत.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. जेवताना काकूंनी माझ्यासमोरच फिर्याद मांडली.

"तुमीच सांगा मॅडम. तीस-बत्तीस वर्ष झाले, रोज गाडीभर माणसं यायच्या समोर बसते. खाली उतरू शकत नाई, पळू शकत नाई. एकाले तरी यायनं प्रभूचं सांगितलं असन? एकाले!"

"मले तिकीट द्यायले ठेवलं आहे," काका वरणात भात कालवत म्हणाले.

"आन् चर्चमध्ये? नवे पाळकसाहेब म्हणे, प्रत्येकानं उठून साक्ष द्या, देवानं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. लोकं किती किती बोलले! हे उठले, 'सगळं ठीक आहे' म्हटलं, आन् बसले. मले तं असं झालं का जमीन फाटून पोटात घेईन तं बरं."

"ठीकच आहे ना पण."

"दिवा लावून कोणी टोपल्याखाली ठेवते का? बायबलात लिहिलं आहे का नाई?"

"तू खोलीत जा, दार लाव, आन् मंग प्रार्थना कर, हे बी लिहिलं आहे. त्याच पुस्तकात."

"मंग कधी गेले खोलीत? मी तं नाई पाह्यलं."

काकांनी घास तोंडाशी नेला होता तो तसाच थांबवला. बायकोकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि फार संकोचून म्हणाले, "लावतो न मी दार. रोज लावतो. गाडीचं."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग ते धाडकन लागणारं दार आठवलं, ती खिट्टी, ते हलणारे ओठ. मी म्हटलं, "काका, म्हणजे तुम्ही मोजत नाही?"

"मोजाले यंत्र आहे न मॅडम," ते म्हणाले. "कोण कुठं चाललं ते त्याले समजते. काऊन चाललं ते मले पाह्यजे असते. त्याशिवाय मागू काय मी त्यायच्यासाठी?"

काकूंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता, पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. "मनातल्या मनात! त्या बिचाऱ्यायले काय समजते?" म्हणाल्या आणि पोळी आणायला आत गेल्या. मला मात्र माझं ते मुख्यमंत्र्यांचं बोलावणं आणि पळून जाणं आठवत होतं. या माणसानं त्यासाठीसुद्धा काहीतरी मागितलं असणार.

त्यानंतर मी काकांच्या मोजणीला हसले नाही. सांगितलंही कुणाला नाही. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, पण मला ते कळलं होतं.

मग ती संध्याकाळ आली. कापूस वेचणीचे दिवस होते आणि गाडी मजुरांनी भरलेली. अल्लीपूरला माझ्याबरोबर एक बाई चढली. हिरवं लुगडं, हातात एक गाठोडं, पायात एकच चप्पल धड. पहिल्या सीटवर तिला जागा मिळाली, मी तिच्या मागं.

"कुठं चालले?"

"वर्धा."

"काऊन?"

ती खेकसली नाही. उलट कुणीतरी विचारावं म्हणूनच ती थांबल्यासारखी होती. "पोरगी दवाखान्यात आहे भाऊ. बायंतीण झाली सकायी. लेकरू चांगलं आहे, पण पोरीचं रक्त थांबून नाई राह्यलं म्हणते."

काकांनी तिकीट दिलं. सगळी तिकिटं झाली. दार लावलं, खिट्टी घातली, पाठ टेकली. नजर पहिल्या सीटवर आली आणि तिथंच थांबली. ओठ हलत होते. ती बाई एकटक त्यांच्याकडे पाहत होती. आम्हा शिकल्यासवरलेल्यांना इतकी वर्षं जे दिसलं नाही, ते तिला दोन मिनिटांत दिसलं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी देवाचं म्हणून राह्यले न? माह्या पोरीसाठी?"

काकांचे ओठ थांबले.

"मोठ्यानं म्हणा न भाऊ. मले बी ऐकू येऊ द्या."

मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं?" दुसरं कुणी म्हणालं, "कंडक्टर मंत्र म्हणून राह्यला," आणि दोघं-चौघं हसले. काकांनी त्या हसणाऱ्यांकडे पाहिलं. छातीवरच्या बिल्ल्याला हात लावला. मग त्या बाईला म्हणाले, "नाई बाई. मी मोजून राह्यलो."

आणि डबल बेल दिली.

ती बाई "हो का" म्हणाली. पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे वळली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं. वर्ध्यापर्यंत ते एका जागी उभे होते. ती बाई उतरली, रिक्षात बसली आणि गेली. तिचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. गावही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी "काऊन" विचारणं बंद केलं. कुठं, तिकीट, पुढं. दार लावलं की लगेच डबल बेल. ड्रायव्हरभाऊच बिचारे गडबडले. पहिल्या दिवशी घंटी इतक्या लवकर वाजली की त्यांचा पाय क्लचवरसुद्धा नव्हता. आठवडाभरानं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, यायची तब्येत बरी नाई का? गिनती काऊन बंद केली?" गाडी वेळेवर सुटायला लागली होती आणि कुणालाही त्याचा आनंद नव्हता. जे लोक तुमाले काय करा लागते म्हणून खेकसायचे, ते आता तिकीट घेऊन झाल्यावरही थोडं थांबत. अल्लीपूर आलं की काका मात्र पायरीवर उतरून उभे राहत आणि चढणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड पाहत. मला माहीत होतं ते कुणाला शोधतायत.

एकदा वर्ध्याच्या स्टँडवर चहा पिताना ते आपणहून बोलले. "मॅडम, मोठ्यानं म्हटलं तं लोक म्हणतीन का हा आमचा धरम बदलवून राह्यला, तक्रार होईन, नोकरी जाईन. असं मी बायकोले सांगितलं. दिवस बी तसेच आहे, तिनं मानलं."

"खरंच आहे ते काका."

"नाई, खरं नाई. खरं म्हणजे मले लाज वाटली. चार लोक हासले, आन् मले लाज वाटली." त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या पुस्तकात प्रभूचा एक चेला आहे, त्यानं भेवानं तीनदा सांगितलं का मी प्रभूले ओळखत नाई. मी एकदाच म्हटलं. पण माह्यासमोर ते बाई होती. मले वाटे मी दार लावतो ते देवासाठी. आता समजून नाई राह्यलं, मी त्याच्यासाठी लावत होतो का भेवानं लावत होतो."

मी शाळेत मुलांना रोज खोटं बोलू नये म्हणून सांगणारी बाई, पण इतकं खरं माझ्यासमोर कधी कुणी बोललं नव्हतं. मी फक्त त्यांचा रिकामा कप उचलून माझ्या कपाशेजारी ठेवला.

दोन वर्षं अशीच गेली. मे महिन्याचा शेवटचा दिवस हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. शाळेला सुट्टी होती, तरी मी दुपारच्या गाडीनं हिंगणघाटला गेले, त्यांच्या शेवटच्या फेरीनं परत यायचं म्हणून. काकूही आल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर फुगलेली पर्स. ड्रायव्हरभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "आज काकू पूर्ण गाडीले पत्रिका वाटते, पाहाल तुमी." शाल-नारळ स्टँडवरच झालं. अल्लीपूरला गाडी भरली आणि काका तिकिटं द्यायला निघाले.

"कुठं चालले?" पहिल्या सीटवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं. तिकीट दिलं. मग यंत्र हातानं बाजूला धरलं, मान वर केली आणि म्हणाले, "काऊन चालले, बुवा?"

ड्रायव्हरभाऊंनी आरशातून मागं पाहिलं. मी काकूंचा हात धरला.

सीटमागून सीट त्यांनी सगळ्यांना विचारलं. एक जाड मिशांचा माणूस नेहमीसारखाच उखडला, "तुमाले काय करा लागते?" "नाई सांगितलं तरी चालते," काका म्हणाले. मला विचारलं. मी म्हटलं, "आज तुमच्यासाठी." काकूंना विचारलं, "काऊन?" काकू पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासंग घरी जाऊन राह्यली."

मग दार लागलं, खिट्टी लागली. काकांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, आणि बोलायला लागले. मोठ्यानं.

"प्रभू, हे आमची गाडी. हे पयल्या सीटवरचे बुवा, यायच्या डोयाचं आप्रेशन आहे उद्या. डाक्टरचा हात थरथरू देऊ नोको. त्यायच्या बाजूची पोरगी पयल्यांदा नोकरीवर चालली, तिच्यावर कोणी खेकसू नये. तिकडं दोघं भाऊ आहे, उद्या कोर्टात तारीख आहे दोघायची, एकमेकाकडं पाठ करून बसले. परत येतानी त्यायले एका सीटवर बसव."

मागून एक तरुण उभा राहिला. "ओ कंडक्टर, हे गाडी होय का चर्च? तक्रार करीन मी!" काकांचा हात छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला. मी मनात म्हटलं, झालं, आता हे थांबणार. पहिल्या सीटवरचा म्हातारा मागं वळला आणि म्हणाला, "बस रे बाबू. माह्या डोयाचं चालू आहे."

ड्रायव्हरभाऊंनी इंजिन बंद केलं. आता एकेक शब्द ऐकू येत होता. काका एकेका सीटवरून पुढं गेले. ड्रायव्हरभाऊंचे दुखरे गुडघे आले, माझी शाळा आली. मग म्हणाले, "माही बायको. तिनं इतके वर्ष माह्या वाट्याचं बी सांगितलं. आन् ते हिरव्या लुगड्याची बाई. तिचं नाव मले माईत नाई, तुले माईत आहे. तिची पोरगी वाचली का नाई, ते बी तुलेच माईत. तिनं मले मोठ्यानं म्हणा म्हटलं होतं, आन् मी तिले मोजून राह्यलो म्हणून सांगितलं. मी मोजत नव्हतो. हे आज सगळ्यायच्या समोर सांगतो. आमेन."

त्यांनी टोपी घातली आणि घंटीच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात तो जाड मिशांचा माणूस उठला.

"थांबा जी," तो म्हणाला. "माह्यं राह्यलं."

"तुमी सांगितलं नव्हतं."

"बायको माह्यरी गेली रुसून. आणाले चाललो."

सगळी गाडी हसली, तोही हसला. आणि काकांनी पुन्हा टोपी काढली.

तो तरुण तक्रार करतो म्हणत वर्ध्याला उतरला. त्यानं केली की नाही ते कळलं नाही. काकूंची पर्स तशीच फुगलेली होती, त्यातून एकही पत्रिका बाहेर निघाली नव्हती. डेपोच्या फाटकाशी काका हिशेबाला आत गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मले वाटे, यायले प्रार्थना येतच नाई." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काकूंना पुढं काही न बोलता उभं राहिलेलं पाहिलं.

काका गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. मी अजून त्याच गाडीनं अल्लीपूरला जाते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते. नवीन कंडक्टर मुलगी आहे, चटपटीत, "कुठं?" म्हणते आणि तिकीट हातावर ठेवते. मी गाव सांगते आणि क्षणभर तशीच तिच्या तोंडाकडे पाहत राहते. ते गेल्याचं दुःख मला इतर कुठंही होत नाही, तिथंच होतं.

प्रार्थना वगैरे मला येत नाही, कधी शिकलेही नाही. पण दार धाडकन लागलं की माझी नजर आपोआप पहिल्या सीटवर जाते आणि तिथून मागं मागं सरकत राहते. परवा शेजारच्या बाईनं विचारलं, "काय करून राह्यल्या मॅडम? मोजून राह्यल्या का?"

"नाही," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं. आणि तिला विचारलं, "तुम्ही काऊन चालल्या?"